पशुखाद्यावरील रोगनिवारणाचे खोटे दावे : अमेरिकेतील कायद्याचा धडा

जनावर निरोगी असते तेव्हा पशुपालक खुराकाची किंमत पाहतो. गोठ्यात रोग शिरला म्हणजे किंमत पाहण्याचे त्याला भान राहत नाही. गाईचे दूध एकाएकी आटले, वासरू चारा टाकू लागले किंवा शेजारच्या गावात साथ आल्याची वार्ता आली, की कोणी तरी सुचविलेला डबा अथवा पुडा घरात येतो. त्या पुड्यावर धष्टपुष्ट जनावराचे चित्र असते आणि त्याखाली ‘रोगप्रतिबंधक’, ‘दूध वाढविणारे’, ‘सर्व विकारांवर गुणकारी’ अशा अर्थाचे शब्द असतात. त्यातील वस्तू खाद्य आहे की औषध, हे मात्र स्पष्ट सांगितलेले नसते. खाद्य म्हणून विकावयाचे आणि औषध म्हणून त्याची वाहवा करावयाची, हा व्यापार फार जुना आहे. त्याला आळा घालण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. त्या प्रयत्नात शासनाला यश कसे आले, कायद्यात कोठे उणीव राहिली व ती कशी भरून काढावी लागली, याचा इतिहास आपल्याकडील पशुपालकांनाही उद्बोधक वाटेल असा आहे.

पुड्यात काय होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘स्टॉक फूड’ आणि ‘कंडिशन पावडर’ या नावांनी जनावरांसाठी तयार केलेल्या भुकट्यांचा मोठा खप होता. घोडे, गाई, मेंढ्या, डुकरे व कोंबड्या या सर्वांना एकच भुकटी चालते, असे विक्रेते सांगत. तिने भूक वाढते, चरबी चढते, दूध वाढते, अंडी वाढतात आणि साथीचे रोगही दूर राहतात, असा त्यांचा दावा असे. मात्रा फार थोडी, म्हणजे चमचा-दोन चमचे, एवढीच सांगितलेली असे.

१८८७ सालच्या हॅच कायद्यान्वये अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत कृषि-संशोधन केंद्रे स्थापन झाली होती. शेतकऱ्यांच्या विचारणा येऊ लागल्यावर या केंद्रांतील रसायनशास्त्रज्ञांनी अशा भुकट्यांचे पृथक्करण केले. त्यांत जे आढळले त्यात गूढ असे काहीच नव्हते. भुकटीचा मोठा भाग गव्हाचा कोंडा, जवसाची पेंड किंवा तत्सम नेहमीचे खाद्य असे. त्यात मेथी, बडीशेप, सुंठ, जेन्शियन नावाची कडू मुळी, मीठ, गंधक, सोरा आणि लाकडी कोळसा यांपैकी काही पदार्थ मिसळलेले असत. मेथी व बडीशेपेमुळे वास येई, कडू मुळीमुळे औषधाची चव येई आणि कोळशामुळे भुकटीला काळसर रंग येई. यांतील बहुतेक जिन्नस कोणत्याही किराणा दुकानात मिळण्यासारखे होते. त्याच वजनाच्या कोंड्याला किंवा पेंडीला जी किंमत पडली असती, तिच्या अनेकपटीने अधिक किंमत शेतकरी देत होता.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगावयास हवी. मेथी, सुंठ किंवा मीठ हे पदार्थ वाईट नाहीत. मिठाची जनावराला गरज असते आणि मसाल्याच्या वासाने मंद भूक असलेले जनावर थोडे अधिक खातेही. दोष पदार्थांत नव्हता. त्यांच्या नावावर जे वचन दिले जात होते त्यात होता. चमचाभर भुकटीतून जाणारी प्रथिने इतकी अल्प असतात की त्यांनी दुधात किंवा वजनात भर पडणे शक्य नसते, आणि साथीच्या रोगजंतूंवर तर त्यांचा काहीच परिणाम होत नाही.

डुकरांचा कॉलरा आणि वाया गेलेला काळ

या खोट्या वचनांची खरी किंमत डुकरांच्या कॉलऱ्याच्या साथीत दिसून आली. हा रोग, ज्याला आज ‘क्लासिकल स्वाइन फीवर’ म्हणतात, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मक्याच्या प्रदेशात पसरला होता. साथीच्या वर्षी लक्षावधी डुकरे मरत. कळपात रोग शिरला की थोड्याच दिवसांत बहुतेक कळप नाहीसा होई आणि शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडे. अशा वेळी कॉलरा टाळणारी व बरा करणारी म्हणून असंख्य चूर्णे आणि काढे बाजारात येत.

रोगाचे खरे कारण त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. सॅमन आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी १८८५ च्या सुमारास आजारी डुकरांत एक जीवाणू शोधला व तोच कारण असावा असे मानले गेले. अमेरिकेच्या कृषिखात्याने १८९४ साली काढलेल्या एका पत्रिकेतही कोळसा, गंधक, मीठ, सोडा आणि अँटिमनीचे एक लवण इत्यादींचे मिश्रण खाद्यातून द्यावे, असे सुचविले होते. तथापि संशोधन तेथेच थांबले नाही. १९०३ साली द श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी दाखवून दिले, की जीवाणू अडविणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळलेल्या रक्तरसानेही निरोगी डुकराला हा रोग होतो. याचा अर्थ रोगाचे कारण विषाणू होते. कारण कळल्यावर मार्गही दिसू लागला. रोगातून वाचलेल्या डुकराच्या रक्तात प्रतिकारशक्ती असते, या तत्त्वावर मॅरियन डॉर्सेट व त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तलस तयार केली. १९०७ साली आयोवा राज्यात प्रत्यक्ष शेतांवरील कळपांत ती देऊन पाहण्यात आली. काही डुकरांना लस टोचण्यात आली आणि काही तुलनेसाठी तशीच ठेवण्यात आली. लस दिलेली वाचली व न दिलेल्यांत रोग पसरला, तेव्हा लसीचा गुण सिद्ध झाला.

या हकिकतीतील बोध दुहेरी आहे. औषधाची शिफारस शासनाने केली म्हणून ते गुणकारी ठरत नाही आणि व्यापाऱ्याने केली म्हणून ते निरुपयोगीही ठरत नाही. दोहोंची कसोटी एकच असते : सारख्या परिस्थितीतील दोन गटांपैकी एकाला ते द्यावयाचे, दुसऱ्याला द्यावयाचे नाही आणि फरक मोजावयाचा. शासनाची शिफारस त्या कसोटीस लागली व बदलली. पुड्यांवरील दावे मात्र कसोटीस न लागताच वर्षानुवर्षे छापले जात राहिले. ज्या शेतकऱ्याने साथीच्या पहिल्या आठवड्यात आजारी जनावर वेगळे करण्याऐवजी चूर्णावर भरवसा ठेवला, त्याने पैशापेक्षाही मोलाची वस्तू गमावली. ती वस्तू म्हणजे वेळ.

१९०६ चा कायदा

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यामागे कृषिखात्यातील रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. कायद्याच्या व्याख्या पशुपालकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या होत्या. ‘अन्न’ या शब्दात माणसांच्या तसेच इतर प्राण्यांच्या खाण्यापिण्याचे सर्व पदार्थ आणि मसालेही समाविष्ट केले होते. आणि ‘औषध’ या शब्दात माणसाचा किंवा इतर प्राण्यांचा रोग बरा करणे, सौम्य करणे अथवा टाळणे यासाठी योजलेला कोणताही पदार्थ येत होता. म्हणजे गोठ्यातील खुराकाला स्वयंपाकघरातील अन्नाइतकेच कायद्याचे संरक्षण मिळाले.

लेबलावर खोटे किंवा फसवे विधान असलेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यास तो जप्त करता येऊ लागला. या जप्तीची रीत मोठी उल्लेखनीय होती. दावा मालकाविरुद्ध नव्हे, तर मालाविरुद्धच लावला जाई. त्यामुळे ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध अमुक इतक्या पेट्या’ अशा नावाचे खटले न्यायालयांच्या दप्तरात दिसतात. मालकाने येऊन मालाचे समर्थन न केल्यास न्यायालय माल दोषी ठरवून नष्ट करण्याचा हुकूम देई. निकालांचा गोषवारा छापून प्रसिद्ध केला जाई, त्यामुळे कोणता माल कशासाठी दोषी ठरला हे सर्वांना वाचावयास मिळे.

राज्यांनीही आपापले पशुखाद्य कायदे केले. प्रत्येक पोत्यावर प्रथिने व स्निग्धांश किमान किती आणि तंतुमय भाग कमाल किती, हे छापणे बंधनकारक झाले. निरनिराळ्या राज्यांतील नियमांत एकवाक्यता आणण्यासाठी १९०९ साली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ती आजही कार्य करीत आहे.

कायद्यातील पळवाट

परंतु पाच वर्षांतच या कायद्याला मोठा धक्का बसला. कॅन्सस सिटी येथील जॉन्सन नावाचा विक्रेता कर्करोग बरा करणारे म्हणून एक औषध विकत असे. त्याच्याविरुद्धच्या खटल्यात २९ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्याने निषिद्ध ठरविलेले खोटे विधान म्हणजे वस्तूचे नाव, घटक, शुद्धता यांविषयीचे खोटे विधान होय. तिच्या गुणाविषयीचा दावा त्यात येत नाही. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला. न्यायमूर्ती ह्यूज यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांचे म्हणणे असे, की औषधाच्या गुणाविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात हे खरे. पण जे विधान वस्तुस्थिती म्हणूनच उघडउघड खोटे आहे, त्याला मताचा आश्रय देता येणार नाही.

या निर्णयाचा परिणाम असा झाला, की पुड्यात मेथी आहे असे सांगून मेथी न घालणे हा गुन्हा ठरला, पण मेथीने कॉलरा बरा होतो असे छापणे हा गुन्हा ठरेना. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ही त्रुटी दूर करण्याची विनंती काँग्रेसला केली आणि २३ ऑगस्ट १९१२ रोजी शर्ली दुरुस्ती संमत झाली. तीनुसार रोगनिवारणाविषयीचे ‘खोटे आणि कपटपूर्ण’ विधान निषिद्ध ठरले. १९१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

तरीही ‘आणि कपटपूर्ण’ या दोन शब्दांत नवी अडचण दडलेली होती. दावा खोटा आहे एवढे सिद्ध करून शासनाला भागेना; विक्रेत्याला तो खोटा असल्याचे ठाऊक होते, हेही सिद्ध करावे लागे. माणसाच्या मनात काय होते याचा पुरावा कोठून आणावयाचा? विक्रेत्याने आपला आपल्या चूर्णावर पूर्ण विश्वास होता असे शपथेवर सांगितले व चार समाधानी गिऱ्हाइकांची पत्रे पुढे केली, की खटला दुबळा होई. अज्ञान हाच बचाव ठरत असल्याने, माल तपासून न पाहणे हेच विक्रेत्याच्या सोयीचे झाले.

आणखी एक घटना ध्यानात घेण्यासारखी आहे. कॉलऱ्याची खरी रक्तलस निघाली, तशा निकृष्ट लसीही बाजारात येऊ लागल्या. खऱ्या उपायाच्या कीर्तीवर खोट्या उपायाने पोट भरावे, असा हा प्रकार होता. त्यासाठी १९१३ साली स्वतंत्र कायदा करून जनावरांच्या लसी व रक्तलसी तयार करण्यास परवाना आवश्यक करण्यात आला आणि निरुपयोगी, दूषित किंवा घातक लसींच्या विक्रीस बंदी झाली.

१९३८ चा कायदा व त्यानंतर

शर्ली दुरुस्तीतील उणीव २५ जून १९३८ रोजी झालेल्या नव्या कायद्याने भरून निघाली. आता लेबलावरील विधान ‘कोणत्याही बाबतीत खोटे अथवा दिशाभूल करणारे’ असले, म्हणजे पुरे होते. विक्रेत्याचा हेतू काय होता, हा प्रश्न माल जप्त करण्यापुरता उरला नाही. मालासोबत दिली जाणारी पत्रके व पुस्तिका यांनाही हाच नियम लागू झाला. वृत्तपत्रांतील खोट्या जाहिरातींची बाब त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने संघीय व्यापार आयोगाकडे सोपविण्यात आली.

पुढे १९६२ साली औषधाची परिणामकारकता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याचा नियम झाला आणि १९६८ साली जनावरांच्या औषधांविषयीचे नियम एकत्र करण्यात आले. त्यामुळे आज अमेरिकेत मूलभूत तत्त्व असे आहे : एखादा पदार्थ खाद्य की औषध, हे केवळ त्यातील घटकांवरून ठरत नाही, तर तो कोणत्या हेतूने विकला जातो यावरून ठरते. साधा कोंडादेखील ‘याने कासदाह बरा होतो’ असे म्हणून विकला, तर तो कायद्याच्या दृष्टीने औषध होतो आणि औषध म्हणून मान्यता नसल्यास त्याची विक्री बेकायदेशीर ठरते. मे २०२२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने चार कंपन्यांना याच तत्त्वावर इशारापत्रे दिली. या कंपन्या भांगेच्या वर्गातील वनस्पतीपासून काढलेले कॅनाबिडिओल असलेले पदार्थ माणसाच्या अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता विकत होत्या. अशा पदार्थाचा अंश दूध, मांस व अंडी यांत किती उतरतो याची पुरेशी माहिती नाही, ही चिंताही प्रशासनाने त्या वेळी व्यक्त केली.

युरोपीय संघाने २००९ सालच्या पशुखाद्यविषयक नियमांत हीच भूमिका अधिक स्पष्ट शब्दांत मांडली. पशुखाद्यावरील दावा पडताळून पाहता येण्याजोगा असावा, तो समजण्यास सोपा असावा आणि माल बाजारात आणतानाच त्याचा शास्त्रीय पुरावा विक्रेत्याजवळ तयार असावा, असा तो नियम आहे. खाद्य रोग टाळते, त्यावर उपचार करते किंवा तो बरा करते, असे सांगण्यास मनाई आहे. रक्ती हगवणीसारख्या काही विशिष्ट परजीवी रोगांसाठी रीतसर मान्यता मिळालेल्या द्रव्यांपुरता अपवाद ठेवला आहे.

डुकरांच्या कॉलऱ्याचे पुढे काय झाले, तेही येथेच नमूद करणे योग्य होईल. लस, आजारी कळपांचा बंदोबस्त आणि जनावरांच्या वाहतुकीवर नियंत्रण या मार्गांनी अमेरिकेने १९६२ पासून निर्मूलनाची मोहीम चालविली आणि १९७८ साली देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशात कोणत्याही चूर्णाचा वाटा नव्हता.

भारतातील कायद्याची स्थिती

भारतात स्थिती थोडी निराळी आहे. २००६ सालच्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. मात्र औषधांचे कायदे जनावरांनाही लागू आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार माणसांच्या अथवा जनावरांच्या रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी योजलेला पदार्थ औषध समजला जातो. आयुर्वेदिक औषधांच्या व्याख्येतही जनावरांचा उल्लेख आहे. म्हणून ‘हे वनस्पतीजन्य आहे, याला परवाना लागत नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे रोगनिवारणाचा दावा करणाऱ्या मालाच्या बाबतीत टिकत नाही. लेबलावर खोटा दावा असलेले औषध या कायद्याने दोषी ठरते. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातही जनावरांच्या औषधांचा समावेश असून, औषधाविषयी खोटा दावा करणारी जाहिरात त्याने निषिद्ध केली आहे.

१९ जुलै २०१९ रोजी केंद्र शासनाने कोलिस्टिन या प्रतिजैविकाबाबत काढलेली अधिसूचना या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. अन्नासाठी पाळली जाणारी जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातील पूरके यांसाठी या औषधाचे उत्पादन, विक्री व वितरण करण्यास तिने मनाई केली. पक्ष्यांची वाढ जलद व्हावी म्हणून हे औषध खाद्यात मिसळले जात असे. माणसावर इतर प्रतिजैविके चालेनाशी झाली, की शेवटचा उपाय म्हणून हेच औषध वापरावे लागते. खाद्यातून त्याची अल्प मात्रा सतत गेल्यास जीवाणू त्याला दाद देईनासे होतात. यावरून दिसते, की पुड्यातील वस्तू निरुपयोगी असेल तर पैसा जातो. पण ती उपयोगी आणि अनिर्बंध असेल, तर त्याहून मोठी हानी संभवते.

खाद्याच्या प्रतीसाठी भारतीय मानक ब्युरोने मानके ठरविली आहेत. गाई-म्हशींच्या मिश्र खाद्यासाठी आयएस २०५२ हे मानक असून, त्याच्या २००९ च्या आवृत्तीत पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान २२ टक्के व दुसऱ्या प्रकारच्या खाद्यात किमान २० टक्के प्रथिने सांगितली आहेत. याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाई करण्यासाठी केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी वस्तू विकत घेणारा मनुष्यही त्या कायद्याने ग्राहकच ठरतो. त्यामुळे दोन-चार गाई बाळगणाऱ्या पशुपालकाला तक्रार करण्याचा हक्क आहे.

चूर्णाचा गुण आल्यासारखे का वाटते?

खोटा दावा इतकी वर्षे टिकतो, याचे कारण केवळ शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे. त्याला प्रत्यक्ष अनुभव आल्यासारखे वाटते. समजा, गाय व्याल्यानंतर दहाव्या दिवशी चूर्ण सुरू केले आणि महिनाभरात तिचे दूध दोन लिटरने वाढले. हा चूर्णाचा गुण म्हणावयाचा काय? व्यालेल्या गाईचे दूध सहा ते आठ आठवड्यांपर्यंत निसर्गतःच वाढत जाते. चूर्ण न देताही ते वाढले असते. त्याचप्रमाणे पावसाळ्यात हिरवा चारा आला की दूध वाढते, पुष्कळसे किरकोळ विकार चार दिवसांत आपोआप बरे होतात आणि चूर्ण आणलेला मनुष्य त्याच दिवसापासून जनावराकडे अधिक लक्षही देऊ लागतो. या सर्वांचे श्रेय पुड्याला मिळते. जे जनावर दगावते, त्याच्यासाठी मात्र कोणी प्रशस्तिपत्र लिहीत नाही.

म्हणून खरी परीक्षा जोडीनेच होते. एकाच सुमारास व्यालेल्या, सारख्या वेताच्या व सारखे दूध देणाऱ्या गाई दोन गटांत विभागून, चारा व खुराक सारखा ठेवून, एकाच गटाला चूर्ण द्यावे आणि दोन्ही वेळचे दूध मोजून लिहावे. फरक केवळ एका गाईत दिसला तर त्यावर भिस्त ठेवू नये.

खरेदी करताना ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू व ओलावा यांची टक्केवारी, उत्पादकाचे नाव, पत्ता आणि निर्मितीची तारीख छापलेली असावी. ज्या पुड्यावर स्तुती भरपूर आणि आकडे नाहीत, तो दूर ठेवावा.

२. प्रथिनांच्या किलोमागे किंमत काढावी. समजा, २० टक्के प्रथिने असलेले खाद्य ३० रुपये किलो आहे, तर त्यातील एक किलो प्रथिने १५० रुपयांस पडतात. १२ टक्के प्रथिनांचे चूर्ण २०० रुपये किलो असल्यास तीच एक किलो प्रथिने सुमारे १,६६७ रुपयांस पडतील.

३. उणिवेचे विकार आणि संसर्गजन्य रोग यांत भेद करावा. चाऱ्यात क्षारांची कमतरता असल्यास योग्य खनिज मिश्रणाने लाभ होतो. मात्र लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या, लम्पी चर्मरोग किंवा सांसर्गिक गर्भपात हे रोग खाद्याने टळत नाहीत.

४. या रोगांसाठी लसीकरण हाच मार्ग आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. लाळ-खुरकत आणि सांसर्गिक गर्भपात यांसाठी केंद्र शासनाचा राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना देतात.

५. पुड्यावर रोग बरा करण्याचा दावा असेल, तर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक पाहावा. तो नसल्यास पुडा, पत्रक व पावती जपून ठेवून जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे. पावतीवाचून तक्रार दुबळी होते.

६. जनावराने चारा सोडला, ताप आला किंवा कासेतून विकृत दूध येऊ लागले, तर पशुवैद्यकास त्याच दिवशी दाखवावे. कोणत्याही पुड्याचा गुण पाहण्यासाठी दिवस घालवू नयेत.

अमेरिकेतील कायद्याला १९०६ पासून १९३८ पर्यंत बत्तीस वर्षे लागली. ‘खोटे’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो सिद्ध कोणी करावयाचा, एवढ्याच प्रश्नाभोवती तो सर्व काळ गेला. अखेर जे उत्तर निघाले ते साधे होते. विक्रेत्याच्या मनात काय होते हे महत्त्वाचे नाही. त्याने छापलेले विधान खरे आहे की नाही, हे महत्त्वाचे आहे. पशुपालकाने दुकानात उभे असताना हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर शब्दांत न घेता आकड्यांत घ्यावे. कायदा पुड्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. गोठ्यातील जनावराला तेवढा वेळ नसतो.